विश्लेषण : ‘एमएच ३७०’चा शोध पुन्हा… समुद्रतळाशी पडलेले विमान शोधणे इतके अवघड का?

मलेशिया एअरलाइन्सच्या बेपत्ता ‘एमएच ३७०’ विमानाचा शोध ३० डिसेंबर २०२५ पासून पुन्हा सुरू होईल, असे मलेशिया सरकारने जाहीर केले आहे. ही मोहीम सलग नसेल. एकूण ५५ दिवसांचे काम टप्प्याटप्प्याने होईल. ८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेल्या या बोइंग ७७७ विमानात २३९ जण होते. त्यांत पाच भारतीय होते आणि त्यांपैकी काही महाराष्ट्रातील. जवळपास बारा वर्षांनंतरही विमानाचा मुख्य सांगाडा नेमका कुठे आहे, हे या सर्वांच्या कुटुंबीयांना कोणी सांगू शकलेले नाही.

आतापर्यंत किती शोध झाला?

ऑस्ट्रेलिया, मलेशिया आणि चीन यांनी मिळून दक्षिण हिंदी महासागराच्या तळाचा १ लाख २० हजार चौरस किलोमीटर भाग तपासला आणि जानेवारी २०१७ मध्ये मोहीम थांबवली. २०१८ मध्ये ‘ओशन इन्फिनिटी’ या खासगी कंपनीने आणखी १ लाख १२ हजार चौरस किलोमीटर भाग पालथा घातला. दोन्ही मिळून हे क्षेत्र महाराष्ट्राच्या तीनचतुर्थांश होते. आता हीच कंपनी सुमारे १५ हजार चौरस किलोमीटरच्या, म्हणजे जवळपास पुणे जिल्ह्याएवढ्या नव्या पट्ट्यात शोध घेणार आहे. विमान सापडले तरच तिला सात कोटी डॉलर मिळतील. नाही सापडले तर काहीही मिळणार नाही.

चंद्राचे फोटो काढणाऱ्या माणसाला आपल्याच समुद्राच्या तळावरचे ६४ मीटर लांबीचे विमान का दिसत नाही, हा प्रश्न समाजमाध्यमांवर नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर पाण्यातील ध्वनीच्या गुणधर्मांत आहे.

ध्वनीच का लागतो?

समुद्रात सूर्यप्रकाश जेमतेम २०० मीटरपर्यंत उपयोगी पडतो. रडार, जीपीएस, मोबाइल यांच्या रेडिओलहरी तर खाऱ्या पाण्यात शिरताच विरतात. ध्वनीचे उलट आहे. हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जाणारा आवाज समुद्रात सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो आणि दूरपर्यंत टिकतो. म्हणून समुद्रात ‘पाहणे’ म्हणजे आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणे, म्हणजेच सोनार.

खरी अडचण पुढे आहे. कमी कंप्रतेचा, म्हणजे खर्जातला आवाज दूर जातो, पण त्यातून उमटणारे चित्र ढोबळ असते. उच्च कंप्रतेचा आवाज बारीकसारीक तपशील दाखवतो, पण पाणी तो काही शे मीटरांतच शोषून घेते. दूरचे आणि बारीक असे दोन्ही एकाच आवाजात मिळत नाही.

जहाजाच्या तळाला बसवलेला बहुकिरण सोनार १२ ते ३० किलोहर्ट्झच्या आसपास काम करतो. चार किलोमीटर खोल तळावरून त्याचा प्रतिध्वनी परत यायला पाच सेकंदांहून अधिक लागतात. एका अंशाचा ध्वनिकिरण तिथे पोहोचेपर्यंत सुमारे ७० मीटर रुंद पसरलेला असतो. म्हणजे अख्खे बोइंग ७७७ अशा नकाशावर एका ठिपक्यात मावते. आणि आपटून तुकडे झालेले विमान तर तेवढेही राहत नाही.

म्हणून सोनारच तळाजवळ न्यावा लागतो. पहिल्या मोहिमेत तो मुख्यतः लांबलचक केबलला बांधून तळापासून शंभर-दीडशे मीटरवरून ओढत नेला जात होता. आता स्वयंचलित पाणबुडी यंत्रे जहाजापासून सुटी होऊन हे काम करतात. हा ‘साइड स्कॅन’ सोनार तळावर तिरका आवाज टाकतो. उंच वस्तूच्या मागे आवाज पोहोचत नाही आणि तिथे सावली पडते. बऱ्याचदा वस्तू ओळखली जाते ती या सावलीवरून. मात्र कडा, घळई, उतार यांच्याही सावल्या पडतात, आणि त्या सावलीत काय दडले आहे ते दिसत नाही. ‘तपासलेला भाग’ याचा अर्थ ‘तिथे विमान नाहीच’ असा शंभर टक्के घेता येत नाही, तो यामुळे.

ब्लॅक बॉक्सच्या आवाजाचे काय झाले?

ब्लॅक बॉक्सला पिंगर जोडलेला असतो. पाण्यात पडल्यावर तो ३७.५ किलोहर्ट्झवर दर सेकंदाला एक टिक देतो. ही कंप्रता उच्च असल्याने आवाज साधारण दोन-तीन किलोमीटरच जातो. तळ चार किलोमीटरवर असेल तर थेट वर उभ्या असलेल्या जहाजालाही तो ऐकू येण्याची खात्री नाही. ऐकणारे उपकरण खोल सोडावे लागते, तेही विमान साधारण कुठे आहे हे ठाऊक असेल तरच.

एप्रिल २०१४ मध्ये ‘ओशन शील्ड’ जहाजाला असे आवाज मिळाल्याचे सांगितले गेले आणि जगभर आशा पल्लवित झाल्या. तिथला ८५० चौरस किलोमीटर तळ ‘ब्लूफिन-२१’ या यंत्राने तपासला. काही निघाले नाही. पिंगरच्या बॅटरीचे आयुष्य किमान ३० दिवसांचे. त्यातही उड्डाणाची माहिती नोंदवणाऱ्या पेटीच्या पिंगरची बॅटरी डिसेंबर २०१२ मध्येच मुदतबाह्य झाली होती, हे नंतर चौकशी अहवालातून उघड झाले. त्यानंतर ९० दिवसांच्या बॅटरीची अट जगभर आली. मोठ्या विमानांच्या सांगाड्याला ८.८ किलोहर्ट्झचा, अधिक दूर ऐकू जाणारा वेगळा पिंगर बसवण्याचेही ठरले.

अणुचाचण्या ऐकणाऱ्या यंत्रणेला काही कळले का?

समुद्रात खाली जावे तसे पाणी थंड होते आणि ध्वनीचा वेग घटतो. आणखी खोलीवर दाबामुळे तो पुन्हा वाढतो. मध्ये, साधारण एक किलोमीटरवर, सर्वांत कमी वेगाचा थर तयार होतो. आवाज वळून वळून याच थरात अडकतो आणि हजारो किलोमीटर जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी शास्त्रज्ञ मॉरिस युइंग यांनी हा ध्वनिमार्ग ओळखला. अणुचाचणीबंदी कराराच्या संघटनेने चोरटे स्फोट टिपण्यासाठी याच थरात ध्वनिग्राहक सोडले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या केप ल्यूविनजवळचे आणि दिएगो गार्सियाचे केंद्र हिंदी महासागर ऐकत असते.

या यंत्रणेची ताकद २०१७ मध्ये दिसली. अर्जेंटिनाची ‘सान हुआन’ पाणबुडी ४४ जणांसह बुडाली, तेव्हा तिच्या फुटण्याचा आवाज हजारो किलोमीटर दूरच्या असेन्शन आणि क्रोझे बेटांजवळ टिपला गेला. तो पाणबुडीचाच आहे का, हे पडताळण्यासाठी नौदलाने त्याच भागात छोटा स्फोट घडवून नोंदींची तुलना केली. वर्षभराने पाणबुडी सुमारे ९०० मीटर खोलीवर सापडली. शोधणारी कंपनी हीच, ‘ओशन इन्फिनिटी’.

‘एमएच ३७०’बाबत नशीब असे साथीला आले नाही. पाणबुडी खोल पाण्यात दाबाने फुटते, तर विमान पृष्ठभागावर आपटते. तिथला आवाज खोल ध्वनिमार्गात नीट शिरेलच असे नाही. पर्थच्या कर्टिन विद्यापीठातील अभ्यासकांनी त्या दिवशीच्या नोंदी चाळल्या. एक आवाज मिळाला, पण त्याची दिशा विमानाच्या अपेक्षित मार्गाशी जुळेना. तो भूगर्भीय हालचालीचा असण्याचीच शक्यता अधिक होती. २०२४ मध्ये कार्डिफ विद्यापीठातील उसामा काद्री यांनी समुद्रात कोसळलेल्या जुन्या विमानांच्या नोंदींशी तुलना केली. त्यांनाही एकच, क्षीण संकेत आढळला. त्यांनी सुचवलेला मार्ग ‘सान हुआन’चाच आहे : विमानाच्या संभाव्य मार्गावर नियंत्रित स्फोट करावेत आणि केप ल्यूविनला काय ऐकू येते ते पाहावे. ही सूचना स्वस्त आहे आणि शोधपट्टा आकुंचित करू शकते. तिचा गांभीर्याने विचार व्हायला हवा.

मग शोध कशाच्या आधारावर?

मुख्यतः उपग्रहाच्या. विमान आणि उपग्रह यांच्यातील शेवटच्या संकेतावरून विमान उपग्रहापासून किती अंतरावर होते एवढेच कळले, जागा नाही. त्यामुळे नकाशावर बिंदूऐवजी हजारो किलोमीटर लांबीचा ‘सातवा कंस’ मिळाला. जुलै २०१५ मध्ये रियुनियन बेटावर पंखाचा तुकडा वाहत आला आणि सागरी प्रवाहांचा हिशेब त्यात मिळवला गेला. तरीही पट्टा विशालच राहिला. अटलांटिकमध्ये २००९ साली कोसळलेले एअर फ्रान्सचे विमान अखेरचे ठिकाण माहीत असूनही जवळपास दोन वर्षांनी, ३,९०० मीटर खोलीवर सापडले होते.

भारताचा अनुभवही याच जातीचा. जुलै २०१६ मध्ये हवाई दलाचे ‘एएन-३२’ विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. साडेसात वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, त्याचे अवशेष ३,४०० मीटर खोलीवर असल्याचे संरक्षण मंत्रालयाने जाहीर केले. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित यंत्राने तिथे बहुकिरण सोनार, त्यानंतर अधिक सूक्ष्म सोनार आणि शेवटी कॅमेरा वापरला होता.

या शोधातून काहीच हाती लागले नाही का?

विमान नाही, पण समुद्रतळ कळला. खोल शोधाआधी पावणेतीन लाख चौरस किलोमीटरहून अधिक तळाचा नकाशा तयार करावा लागला, कारण तिथले आधीचे नकाशे उपग्रहांवरून काढलेले आणि फार ढोबळ होते. त्यातून ज्वालामुखी, कडे आणि खोल दऱ्या पुढे आल्या. एकोणिसाव्या शतकातील, कोळसा वाहून नेणाऱ्या दोन जहाजांचे अवशेषही सापडले. ही माहिती संशोधकांसाठी खुली करण्यात आली. तरी जून २०२५ पर्यंत जगाच्या समुद्रतळापैकी आधुनिक पद्धतीने नकाशा झालेला भाग फक्त २७.३ टक्के आहे.

नव्या मोहिमेत सोनारवर काही संशयास्पद दिसले, तरी तेवढ्याने विमान सापडले असे ठरणार नाही. यंत्राला पुन्हा त्या जागी, तळापासून काही मीटरवर जाऊन कॅमेऱ्याने छायाचित्रे घ्यावी लागतील.