परमुलखातले कुलूप

वाचक माऊली, पुण्यातल्या मोठ्या हॉटेलांत हल्ली दुबईतील घरे विकण्याची प्रदर्शने भरतात. गोल्फच्या हिरवळीकडे तोंड केलेला फ्लॅट घ्यायचा, वर्षातून पंधरा दिवस सुट्टीला जायचे, उरलेले दिवस भाड्याने द्यायचा, असा तो सौदा. तिथे जाणाऱ्यांत आता गळ्यात माळ असलेली माणसेही दिसतात. माण, बावधन, वाघोलीकडच्या जमिनींना सोन्याचा भाव आला, हाती पैसा आला, त्याबद्दल कोणाचा मत्सर नाही. परंतु वारकऱ्याने हा सौदा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. आपला संप्रदाय दारिद्र्याचा पुजारी नाही. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, दुकान होते, सावकारी होती. प्रामाणिकपणे मिळवावे आणि मन न गुंतवता खर्च करावे, हीच त्यांची शिकवण. तेव्हा फ्लॅट महाग आहे म्हणून माझा विरोध नाही. तो मालकालाच बांधून ठेवतो, म्हणून आहे.

कसा बांधतो ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते. तेवढ्यात भागत नाही म्हणून पत्नीचे, मुलाचे, सुनेचे नाव घालतात. घर एक, ओझे चौघांच्या माथी. पुढे दर वर्षी विवरणपत्रात ती मालमत्ता दाखवावी लागते. न दाखवल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. इमारतीच्या देखभालीचा खर्च चौरस फुटाच्या हिशेबाने, राहा अथवा न राहा. वाळवंटातली हिरवळ पाणी घातल्यावाचून जगत नाही, आणि त्या हिरवळीच्या देखाव्याचे पैसे घराच्या किमतीतच धरलेले असतात. पंधरा दिवसांच्या सुखासाठी साडेतीनशे दिवसांची काळजी विकत घ्यायची, आणि हरिपाठाला बसल्यावर दिरहमचा भाव आठवत राहायचा, याला मी सुट्टी म्हणत नाही.

कोणी म्हणतील, "महाराज, नातवंडांची सोय होते." २० लाख दिरहमांच्या घरावर तिथे दहा वर्षांचा वास्तव्याचा परवाना मिळतो, हे खरे. पण माऊली, परवाना म्हणजे वतन नव्हे. पणजोबांनी कसलेले शिवार विकून नातवाच्या हाती तुम्ही मुदतीचा कागद देणार. त्याने उद्या विचारले, "आजोबा, आपली जमीन कुठे होती?" तर बोट कुठे दाखवाल?

आणि भरवसा कोणाचा धरता? आपल्या डोळ्यांदेखत मुळशीतल्या मोसे खोऱ्यात लवासा उभे राहिले. सुट्टीचे घर म्हणून अनेकांनी तिथे पैसे भरले. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला लावले, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि पैसे भरणारे ताटकळत राहिले. ज्यांना सकाळी निघून दुपारी आपले बांधकाम डोळ्यांनी पाहून येता येत होते, त्यांची ही गत. मग समुद्रापलीकडच्या घराची राखण कोण करणार?

परदेश पाहू नये, असे मी म्हणत नाही. नामदेवराय पार पंजाबात घुमानपर्यंत गेले, नाम वाटीत गेले. तुम्हीही जा, खोली भाड्याने घ्या, चार दिवस राहा, भाडे चुकते करा आणि मोकळ्या मनाने परत या. वारीत आपण हेच तर शिकतो. आज या गावी राहुटी, पहाटे ती गुंडाळली की पुढचे गाव. मुक्कामाच्या जागेवर कोणी आपले नाव कोरीत नाही.

घर बांधायचेच तर कसे बांधावे, हे गाडगेबाबांनी दाखवून दिले आहे. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, मालकी मात्र स्वतःकडे ठेवली नाही. आणि दर वर्षी दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा नाना पेठेत, भवानी पेठेत काय होते? वाड्यांच्या ओसऱ्या, सोसायट्यांचे जिने, दुकानांच्या पायऱ्या वारकऱ्यांना मोकळ्या होतात. दोन खोल्यांच्या घरात दहा माणसे निजतात. त्या घरांना हिरवळ दिसत नाही, पण त्यांची दारे उघडी असतात.

जमिनीचे पैसे हाती असतील तर थोडी जमीन राखा. पालखीमार्गावर पाण्याची, संडासाची सोय करा, धर्मशाळेत एक खोली बांधून द्या, भावकीतल्या गरीब मुलीच्या शिक्षणाचा भार उचला. वर्षातले साडेतीनशे दिवस ज्याला कुलूप किंवा परका भाडेकरू, त्या घराला आपले घर म्हणू नका. ज्या उंबऱ्यावर कोणी "माऊली, पाणी द्या" म्हणत थांबत नाही, तो उंबरा वारकऱ्याच्या काय कामाचा?

रामकृष्णहरी.