कोरा राखलेला कागद

चित्रकलेची आवड असलेली एक तरी व्यक्ति बहुतेक प्रत्येक मोठ्या कुटुंबांत असते. चैत्रांगण तीच काढते, मंगलकार्यांत पाटाभोंवतालची रांगोळी तिच्याकडेच येते, मुलांचे नकाशेहि तीच रंगविते. आणि घरांतील दहा माणसें तिची वाहवा करितात. या वाहवेविरुद्ध आम्हांस या महिन्यांत थोडें लिहावयाचें आहे. घरचें कौतुक प्रेमाचें असतें हें खरें. परंतु तें चित्राचें नसून चित्र काढणाराचें असतें, व त्यावर पोसलेला हात वीस वर्षें जेथल्या तेथेंच राहतो. अशा व्यक्तीनें गांवांतील एखाद्या कलामंडळाचें सभासद व्हावें, व घरच्यांनीं तिला तेथें जाऊं द्यावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

चार जाणत्यांनीं एकत्र जमून चित्रें पारखावीं ही चाल आपल्याकडे नवी नव्हे. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ सालीं निघाली. पुढें १९१८ सालीं हिंदी चित्रकारांनीं आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापिली. तिच्या संस्थापकांत सावळाराम लक्ष्मण हळदणकर होते. हातांत दिवा घेऊन दुसऱ्या हातानें त्याची ज्योत जपणाऱ्या स्त्रीचें त्यांचें चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. पुष्कळ लोक तें राजा रविवर्म्याचें समजतात, व तैलरंगांतलें समजतात. तें हळदणकरांचें आहे, आणि जलरंगांतलें आहे.

यांत नवल काय, हें जलरंग हातीं धरल्यावांचून ध्यानांत येत नाहीं. तैलरंगांत काळोखावर मागाहून उजेड चढवितां येतो. पारदर्शक जलरंगांत उजेड म्हणजे कागदाचाच पांढरेपणा, तो आधींपासून राखावा लागतो. रांगोळीच्या हे अगदीं उलट. सारवलेल्या भुईवर पांढरें पडतें तेव्हां रांगोळी उमटते; येथें ज्या जागीं हात लावला नाहीं तीच जागा शेवटीं झळकते. म्हणून रांगोळीवर तयार झालेल्या गृहिणीस रेषा आयती मिळते, पण बाकीचें सारें नव्यानें शिकावें लागतें.

कागद भिजवून, कडा चिकटपट्टीनें फळीवर बसवून सुकवावा, म्हणजे तो पुढें फुगत नाहीं. फळी किंचित् कलती ठेवून भरल्या कुंचल्यानें रंगाचा हात वरून खालीं न्यावा. खालच्या कडेला साचलेला ओघळ पुढच्या ओढींत घ्यावा, आणि मागें वळूं नये. पहिला हात पुरता वाळल्याखेरीज दुसरा दिला तर फुलकोबीसारखे डाग उठतात. कोंकणांत श्रावणांत हात वाळतां वाळत नाहीं. विदर्भांत वैशाखांत तो कुंचल्याखालींच वाळतो. प्रशियन निळा कागदांत मुरतो व पुसतां येत नाहीं. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात व ओल्या कुंचल्यानें बरेचसे उचलतां येतात. हें पुस्तकांतहि सांपडेल. पण कुंचल्यांत पाणी नेमकें किती, हें दुसऱ्याच्या शेजारीं बसून पाहिल्यावांचून कळत नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका गृहिणीनें तुळशीवृंदावनापुढील पणतीचें चित्र काढलें होतें. ज्योत तिनें शेवटीं जाड पांढऱ्या रंगानें घातली होती. घरांत सर्वांस तें फार आवडलें. कलामंडळांत मात्र एक वृद्ध सभासद म्हणाले, “बाई, दिवा तुम्ही मागाहून लावलात, तो आधीं राखावयास हवा होता.” ती घरीं आली ती उतरल्या चेहऱ्यानें. दीर म्हणाले, “वहिनी, वर्गणी भरून बोलणीं कशाला ऐकायचीं?” थोरल्या जावेला रविवारच्या स्वयंपाकाचा भार पडतच होता, तिनेंहि होकार भरला. पुष्कळ घरांत प्रकरण येथेंच मिटतें, आणि रंगांची पेटी माळ्यावर जाते. या घरांत सासूबाई बोलल्या. “आम्ही छान म्हटलें तें तूं काढलेंस म्हणून. त्यांना दिव्यांतलें कळतें, तर दिवा त्यांच्याकडून शीक.” रविवारची भाजी त्यांनीं स्वतःकडे घेतली. मोठ्या बोलण्यापेक्षां ही भाजी आम्हांस अधिक मोलाची वाटते.

तीन महिन्यांनीं तिनें तेंच वृंदावन पुन्हां काढलें. भोंवतीं संधिप्रकाशाचे पांच-सहा हात, आणि मधोमध बोटाच्या पेराएवढा कोरा कागद. दिरांना तें अपुरें वाटलें. आम्हीं दोन्ही चित्रें शेजारीं ठेवून पाहिलीं. पहिल्यांत पणती दिसते, दुसऱ्यांत ती जळते.

ज्या घरांत असें कोणी शिकत असेल तेथें ओली फळी आडवी ठेवावयास मुलांच्या हाताबाहेरची एक जागा नेमून द्यावी. फडताळाचा माथा चालेल. चित्र टांगतांना ऊन येणारी भिंत टाळावी, कारण अलिझरीन क्रिमझनसारखा तांबडा रंग पातळ हातांत उजेडानें फिका पडतो. माजघरांतील सांवलीची भिंत पुरे. मात्र ती ओल धरणारी नसावी.