नातवाची चित्रकला आणि आजीचे इन्सुलिन

दहावीचा निकाल जवळ आला की आजोबा मंडळींचा रक्तदाब चढलेला आढळतो. नातू किंवा नात चित्रकलेला जायचे म्हणते आणि घरात दोन तट पडतात. 'पोटापाण्याचे काय?' हा प्रश्न मोठ्याने विचारला जातो. दुसरा मात्र कोणी उच्चारीत नाही. रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत कित्येक घरांत मुलगा-सून मुंबईस असतात. आजीला इन्सुलिन टोचणारा आणि गोळ्यांच्या पाकिटावरील नाव वाचणारा असतो तो हाच सोळा वर्षांचा मुलगा. तो गेला तर?

मला हा दुसरा प्रश्न अधिक खरा वाटतो. तो उघडपणे बोलला गेला नाही, तर त्याचे ओझे नकळत मुलाच्या निवडीवर पडते.

मुलगा लगेच घर सोडणार, ही भीती बहुधा अनाठायी असते. दहावीनंतर काही पदविका आहेत; परंतु दृश्यकलेच्या पदवीस बारावी आणि प्रवेश परीक्षा लागते. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे स्वप्न पाहणाऱ्याने अकरावी-बारावी जवळपासच्या महाविद्यालयात करावी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा तर शाळेत असतानाच देता येतात. घराला तयारीसाठी दोन वर्षे मिळतात, ती थोडी नव्हेत.

या काळात मुलाला सुटीत पेण, हमरापूर किंवा जोहे येथील एखाद्या गणपतीच्या कारखान्यात काम पाहू द्यावे, जमल्यास करू द्यावे. दिवसभर मातीत हात घालूनही आवड टिकते का, हे तेथेच कळेल. दम्याची प्रवृत्ती असल्यास प्लास्टरच्या धुळीत जाण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे.

आजोबांनो, एक प्रश्न खास तुम्हांला. तुम्हांला लाल-हिरवा भेद नीट कळतो का? आईचे वडील या प्रकारचे रंगांध असतील, तर आई त्या दोषाची वाहक असतेच आणि तिच्या प्रत्येक मुलग्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. नेत्रतज्ज्ञांकडील तपासणी काही मिनिटांची आहे. दोष आढळला म्हणून कला सोडावी लागत नाही; रेखांकन आणि शिल्पकला आहेतच. मात्र कोणती वाट धरावी, हे त्यावरून ठरवता येते.

पुढे मुंबईस गेल्यावर अलिबागहून रोज ये-जा करू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात मांडवा-गेटवे लाँच बंद असते, रो-रो असली तरी दिवस प्रवासातच जातो. आणि या वयाला आठ ते दहा तास झोप हवी. वसतिगृह बरे.

आता इन्सुलिन. आजींनी पेनने ते स्वतः घ्यायला शिकावे. शिवाय घरातील वा शेजारची आणखी एक व्यक्ती तयार असावी. घाम, थरथर किंवा गोंधळ दिसला आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर लगेच साखर द्यावी, हे त्या व्यक्तीस पाठ हवे. बहुतेक आजी म्हणतात, 'मला आकडेच दिसत नाहीत.' पुष्कळदा त्याचे कारण मोतीबिंदू असतो. मुरूडकडील एका आजींची शस्त्रक्रिया झाली आणि पेनावरील आकडे स्पष्ट दिसू लागले. नातू वसतिगृहात आहे. सकाळी इन्सुलिन घेतले की त्या स्वतः त्याला फोन करून किती युनिट घेतले ते सांगतात.