मरण की जगणे?

प्रेमासाठी मरणाऱ्यांचे आपल्याला फार कौतुक. जागोजागी आढळणाऱ्या सतीशिळा त्याची साक्ष देतात. कन्नडमध्ये त्यांना 'मास्तिकल्लु' म्हणतात. पण प्रेमासाठी जगणाऱ्यांचे काय?

इंदूरहून महेश्वरला जाताना राऊ हे गाव लागते. तेथे मावशीकडे गेलो, की हाच प्रश्न माझ्या मनात येतो. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या. सासरे मल्हाररावांनी विनवून त्यांना परत फिरवले. पुढे सासरे गेले, १७६७ साली एकुलता एक मुलगाही गेला. तरी १७९५ पर्यंत त्यांनी राज्य सांभाळले, महेश्वरला घाट बांधले, विणकरांना आसरा दिला.

उतारवयात मात्र त्यांची लेक मुक्ताबाई पतीमागे सती गेली. आईने केलेल्या विनवण्या व्यर्थ ठरल्या. मुक्ताबाईंच्या प्रेमाला उणे म्हणण्याचा अधिकार मला नाही. परंतु वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून एवढे वाटते, की मरणाने खाते बंद होते, देणे फिटत नाही. गेलेल्याचे ऋण मागे राहिलेल्यांसाठी जगूनच फेडावे लागते. लेक गेल्यावरही अहिल्याबाई तेच करीत राहिल्या. मित्रहो, मला त्यांचेच प्रेम अधिक अवघड वाटते.