आजारी असली तरी घर तिचेच!

मैत्रिणींनो, नवऱ्याला दुसरा संसार थाटायचा असला की पहिलीला ‘वेडी’ ठरवायचे, ही युक्ती जुनीच आहे. चार शेजारी साक्षीला उभे करायचे, कुठून तरी डॉक्टरची चिठ्ठी मिळवायची आणि तिला माहेरच्या दारात सोडून यायचे. खामगावात आणि आसपासच्या खेड्यांत अशा टाकलेल्या बाया आपण पाहतो. आपल्या संघटना त्यांच्या बाजूने उभ्या राहतात आणि ठणकावून सांगतात, ‘ती वेडी नाही!’

माझे भांडण या घोषणेशी आहे. ती खरोखर आजारी असेल तर? रात्ररात्र झोप नसेल, कानात आवाज येत असतील, बाळंतपणानंतर ती मुलाला जवळ घेत नसेल, तर तिला हाकलणे न्याय्य ठरते काय? ‘वेडी नाही’ एवढ्याच आधारावर तिचा हक्क मागितला, तर आजारी बाईचा हक्क आपोआप बुडतो. सासरच्यांना तेच हवे असते. नवरा आजारी पडला तर त्याला सांभाळणे हा बायकोचा धर्म. बायको आजारी पडली तर म्हणे आमची फसवणूक झाली!

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचे कारण आहे. पण १९८८ साली राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्किझोफ्रेनियाचे नुसते नाव घेऊन भागत नाही, त्याची तीव्रता सिद्ध करावी लागते. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा (२००५) बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो, त्यात आजारी बाई वगळलेली नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे (२०१७) कलम १९ तर म्हणते, घरच्यांनी टाकले म्हणून कोणाला इस्पितळात डांबून ठेवता येणार नाही. घरात राहण्याचा हक्क बजावायला सरकारने कायदेशीर मदतही दिली पाहिजे. हे कलम आपल्यापैकी किती जणींनी वापरले?

‘सैलानीला नेऊ नका’ असे भाषणात सांगणे सोपे आहे. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय इथून सुमारे तीनशे किलोमीटरवर; पिंपळगाव सराईचा दर्गा मात्र आपल्याच जिल्ह्यात. मजुरी बुडवून दर महिन्याला नागपूरची वारी कोण करील? भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधून मारणे महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे. मनोरुग्णाला साखळी घालायलाच २०१७ च्या कायद्याने बंदी केली. पण उपचार जवळ आले नाहीत, तर बंदीने बाई बरी होत नाही. जिल्ह्यात किमान मानसिक उपचार मिळणे हा या कायद्याने दिलेला हक्कच आहे. तो तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, ठरलेल्या वारी, फुकट औषधांसह मागितला पाहिजे.

हे काम फक्त डॉक्टरांचे नाही. गोळ्या संपण्याआधी तिच्या घरी कोणीतरी डोकावले पाहिजे. रेशनकार्डावर तिचे नाव राहिले पाहिजे, रोजगार हमीच्या कामावर तिची हजेरी लागली पाहिजे. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करताना तिच्यासोबत दोघी तरी असल्या पाहिजेत. स्त्रियांना तिथे वकील फुकट मिळतो. बचत गटाच्या बैठकीत या आजारांबद्दल तितक्याच मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे, जितके आपण अंगावरून पांढरे जाण्याबद्दल बोलायला शिकलो.

तेव्हा यापुढे कोणी ‘ती वेडी आहे’ म्हणून दार लावले, तर आपला जबाब एकच असावा: आजारी असेल तर औषध द्या, दार उघडा. घर तिचेही आहे!