शेजारधर्माच्या आड दडलेली मजुरी

सकाळची शाळा दुपारी सुटते; आईची पाळी सुटते ती सायंकाळी. या दोहोंमधील चार-पाच तास कष्टकरी आईच्या मुलाने कोठे काढावयाचे? मुंबईच्या चाळीत, सुरतच्या मजूर वस्तीत वा तिरुप्पूरच्या कापड कामगारांच्या गल्लीत या प्रश्नाचे उत्तर बहुधा एकच असते: शेजारची बाई. ती मुलाला शाळेतून आणते, खाऊ घालते, अभ्यासाला बसविते आणि आई परतेपर्यंत त्याला जपते. मोबदल्याचा विषय निघाला की मात्र "ती घरीच तर असते" असे म्हणून चार नोटा तिच्या हातावर टेकविल्या जातात.

घरी असणे म्हणजे रिकामे असणे नव्हे. केंद्र सरकारच्याच २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे खर्ची घालते, तर असे काम करणारा पुरुष ८८ मिनिटे. जे श्रम स्वतःच्या घरात फुकट घेतले जातात, ते शेजाऱ्यासाठी केले तरी स्वस्तच लेखले जातात. हा पायंडा सरकारनेच दृढ केला आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडी सेविकेला आजही वेतन नव्हे, 'मानधन' मिळते. तिचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य होण्यासाठी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला!

मग न्याय्य मोबदला ठरवावा कसा? आमच्या मते आरंभ कामाच्या तासांपासूनच केला पाहिजे. चार तास म्हणजे अर्धा दिवस. तेव्हा त्या राज्यातील आठ तासांच्या किमान वेतनाचा निदान निम्मा भाग या बाईच्या पदरी पडावयास हवा. तीन घरची मुले असतील तर प्रत्येक घराचा वाटा एक षष्ठांश दिवसाच्या वेतनाचा होतो. खाण्याचा खर्च वेगळा धरावा. आईला उशीर झाला तर वाढीव तासांचे, सुटीत दिवसभर सांभाळले तर पूर्ण दिवसाचे दाम द्यावेत. मूल आजारी पडून आले नाही म्हणून पैसे कापू नयेत; कारण तिने आपला वेळ त्याच्यासाठी राखून ठेवलेला असतो.

परंतु येथेच खरी अडचण उभी राहते. सांभाळावयास एकच मूल असेल आणि त्याची आईही किमान वेतनावरच राबत असेल, तर तिची निम्मी कमाई यातच संपेल. न्याय्य दर दिला तर आईचे घर कोसळते. न दिला तर शेजारणीचे शोषण होते. दोन कष्टकरी स्त्रियांना एकमेकींसमोर उभे करणारा हा पेच त्यांनी निर्माण केलेला नाही. ज्या मालकाला त्या आईचे आठ तास हवे आहेत, तो तिच्या मुलाच्या सांभाळाचा एक पैसाही सोसत नाही, हे त्याचे मूळ आहे.

कायदाही येथे हात झटकतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने सक्तीचे केलेले पाळणाघर सहा वर्षांखालील मुलांपुरतेच होते. आजची 'पाळणा' योजनाही सहा महिने ते सहा वर्षे या वयोगटापुरतीच आहे. जणू सातव्या वर्षी मूल स्वतःला सांभाळू लागते! १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनासाठी अन्न, कापड, घरभाडे व इंधन यांचा हिशेब घालून दिला, ती कामगारवर्गाची मोठी कमाई होय. तथापि त्या हिशेबात मुलांच्या सांभाळाचा खर्च नाही. कारण घरात एक स्त्री विनामूल्य हजर असणारच, असे गृहीत धरले गेले होते. आज ती स्त्रीच कामावर गेली आहे आणि हिशेब मात्र जुनाच राहिला आहे.

म्हणून शेजारणीला तासांप्रमाणे दाम देण्याची रीत वस्तीवस्तीत एकत्र बसून पाडली पाहिजे. आणि त्याचबरोबर मुलांच्या सांभाळाचा खर्च किमान वेतनात धरावा, शाळा सुटल्यानंतरची सार्वजनिक बालकेंद्रे उघडावीत व तेथे या अनुभवी स्त्रियांनाच पूर्ण वेतनावर नेमावे, ही मागणी कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रकात अग्रभागी घातली पाहिजे. शेजारधर्म थोर खरा. पण त्याच्या नावावर मालकाचे व सरकारचे देणे बुडविले जाता कामा नये.