वृद्धांना बसवू नका, उभे करा

वडीलधाऱ्यांविषयीचा आदर हा आपल्या कुटुंबव्यवस्थेचा कणा आहे, असे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खोटेही नाही. आजोबा पाणी घ्यायला उठले की आई नातवाला हाक मारते, 'अरे, त्यांना कशाला उठू देतोस?' सासूबाईंनी केर काढायला घेतला की सून त्यांच्या हातातून केरसुणी काढून घेते. साठी उलटली, सहस्रचंद्रदर्शन झाले की त्या व्यक्तीने बसून राहावे, तिला सारे जागेवर मिळावे, यातच मुलांना कृतार्थता वाटते. या वागण्यामागील भाव निर्मळ आहे. त्याचा परिणाम मात्र कोणी तपासून पाहिलेला दिसत नाही. वर्षानुवर्षे सारे आयते मिळत गेले की मांड्यांतील बळ ओसरते, पावलांची जाण बोथट होते, आणि मग एके रात्री न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाय अडखळतो.

त्यापुढची वाक्ये आपल्या समाजात ठरून गेलेली आहेत. वय झाले होते, पडले, खुब्याचे हाड मोडले, अंथरुणाला खिळले. जणू ते ऋतुचक्रच असावे! मृत्यूचा शांत चित्ताने स्वीकार करणे ही एक गोष्ट आणि टाळता येण्याजोग्या अपघाताला प्रारब्ध म्हणणे ही दुसरी. आपल्या विचारपरंपरेने प्रारब्धासमोर पुरुषार्थ उभा केला आहे. त्या पुरुषार्थाला पंचाहत्तरीनंतर सुट्टी आहे, असे कोणत्याही शास्त्रकाराने सांगितलेले नाही.

या प्रश्नाचा आवाका किती मोठा आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात आणि त्यांत साठीपुढील माणसांचे प्रमाण सर्वाधिक असते. अनवधानाने होणाऱ्या दुखापतींतील मृत्यूंमध्ये वाहन-अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत घडतात, म्हणजे हा काही श्रीमंत राष्ट्रांचा चोचला नव्हे. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठीपुढील माणसे १० कोटींहून अधिक होती. २०५० पर्यंत ती संख्या सुमारे ३५ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. ज्याचे खुब्याचे हाड मोडले त्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी पुढचे वर्ष कठीण असते. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत अशा रुग्णांपैकी पाचातला एक किंवा त्याहून अधिक वर्षाच्या आत दगावल्याचे आढळले आहे. जे वाचतात त्यांतील अनेकांचे स्वावलंबन संपते.

तोल म्हणजे काय, याचा आपण सहसा विचार करत नाही, कारण तो असतो तोवर जाणवतच नाही. डोळे, आतला कान आणि तळपाय-सांध्यांतून येणारी जाणीव या तीन वाटांनी शरीराची स्थिती मेंदूला कळते. मेंदू त्या तिन्हींचा मेळ घालतो आणि घोट्याच्या, मांडीच्या, कमरेच्या स्नायूंना क्षणार्धात आज्ञा देतो. वयपरत्वे या तिन्ही वाटा थोड्या थोड्या अंधुक होतात. मोतीबिंदू एक वाट अडवतो, मधुमेह तळपाय बधिर करून दुसरी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत, हे येथे लक्षात घ्यावे. त्यात स्नायूंचा क्षय मिळाला की मेंदूने आज्ञा देऊनही पाय वेळेवर पुढे पडत नाही. आणि एकदा पडलेल्या माणसाच्या मनात जी भीती बसते ती सर्वांत घातक ठरते. भीतीने तो हालचाल कमी करतो, हालचाल कमी झाली की स्नायू आणखी क्षीण होतात, आणि पुढचे पडणे जवळ येते. घरची मंडळी प्रेमाने 'आता उठूच नका' म्हणतात तेव्हा या दुष्टचक्राला हातभारच लावतात.

हे चक्र उलटे फिरवता येते, ही या विषयातील सर्वांत आशादायक गोष्ट आहे. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी ऐंशी वर्षे आणि त्यापुढील स्त्रियांना घरच्या घरी करण्याचे पायांच्या बळाचे आणि तोलाचे व्यायाम दिले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात व्यायाम करणाऱ्या स्त्रिया इतरांपेक्षा कमी वेळा पडल्या. ज्या वयात आपल्याकडे माळ हातात देऊन कोपऱ्यात आसन मांडून देतात, त्या वयात! २०१९ मध्ये जगभरच्या १०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यांत तेवीस हजारांहून अधिक वृद्धांचा समावेश होता. व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण जवळजवळ एकचतुर्थांशाने घटते, असा त्याचा निष्कर्ष निघाला. सर्वांत खात्रीचा पुरावा होता तो तोलाच्या आणि दैनंदिन हालचालींच्या व्यायामांविषयीचा. नुसत्या चालण्याविषयी तशी खात्री देता आली नाही. सकाळी उद्यानात चार फेऱ्या मारून 'माझा व्यायाम झाला' म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट मनाला लावून घ्यावी. चालणे हृदयाला उत्तम. पण तोल सुधारायचा तर तोलाची परीक्षा पाहणारी हालचाल करावी लागते.

त्याच आढाव्यात चीनच्या ताइची या व्यायामपद्धतीचे नाव ठळकपणे येते. सावकाश पावले टाकत, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर नेण्याची ही जुनी पद्धत. तिच्यामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी घटत असावे, असे त्यात म्हटले आहे. योगासनांविषयी एवढ्या संख्येने प्रयोग अद्याप झालेले नाहीत. येथे आपण स्वतःशी प्रामाणिक व्हायला हवे. डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन ठरवला, २०१५ पासून तो जगभर साजरा होतो, याचा आनंद आहेच. परंतु वृक्षासनाने वृद्धांचे पडणे किती कमी होते, या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्याचे काम आपण बव्हंशी परक्यांवर सोपवून ठेवले. 'आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' एवढे म्हणून भागत नाही.

तसे म्हणून थांबणे ही आपली परंपराही नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि उड्डियान, नौली या क्रियांच्या वेळी शरीरात काय घडते ते क्ष-किरणांनी आणि दाबमापकांनी तपासले. 'योगमीमांसा' हे त्यांचे त्रैमासिक त्याच वर्षी निघाले. पारतंत्र्याच्या काळात, तुटपुंज्या साधनांनिशी हे घडले. पुण्याला बी. के. एस. अय्यंगार यांनी भिंत, खुर्ची, दोर, ठोकळे यांचा आधार देऊन दुबळ्या आणि रुग्ण शरीरांनाही आसन कसे साधेल याची एक पद्धतच घडवली. वृद्धांसाठी नेमके हेच हवे आहे. पाया तयार आहे. त्यावर मोजमापाची भिंत चढवायची आहे. आपल्या आयुर्वेद आणि योग महाविद्यालयांनी पाचशे वृद्ध घेऊन दोन वर्षे नोंदी ठेवल्या, तर त्याचे मोल शंभर व्याख्यानांहून अधिक असेल. निष्कर्ष आपल्याला सुखावणारा निघेलच असे नाही. तो कसाही निघाला तरी छापण्याची तयारी हवी.

परंपरेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात व्यायामाची व्याख्या येते. शरीराला स्थैर्य देणारी आणि बळ वाढवणारी इष्ट हालचाल म्हणजे व्यायाम, असा तिचा आशय आहे, आणि तो मात्रेने करावा असेही लगेच बजावले आहे. तेथील स्थैर्याचा अर्थ आजच्या तोलापुरता मर्यादित नाही, दृढपणाही त्यात येतो. तरीही बळाच्या आधी स्थैर्य घालणाऱ्या त्या दृष्टीचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. आजच्या व्यायामशाळांत दंडाचे स्नायू फुगवण्याचाच ध्यास दिसतो.

शास्त्रग्रंथांच्याही आधी आपली राहणी होती. पाटावर बसून जेवायचे, जमिनीवर अंथरूण घालायचे, उकिडवे बसून विळीवर भाजी चिरायची. दिवसातून वीस-पंचवीस वेळा माणूस जमिनीपर्यंत जाऊन वर येई. मेज, खुर्ची, पलंग आणि कमोड आले, आणि हा नकळत होणारा व्यायाम संपला. गुडघे झिजलेल्यांना ही साधने वरदानच आहेत, त्यांना कोणी नावे ठेवू नयेत. पण धडधाकट पन्नाशीच्या माणसानेही जमिनीशी नाते तोडावे, हे कशासाठी? ब्राझीलमधील संशोधकांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार माणसांना जमिनीवर बसून उठायला सांगितले आणि पुढे काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. ज्यांना हात-गुडघ्यांच्या आधाराविना ते साधले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले. २०१२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. जमिनीवर बसल्याने आयुष्य वाढते असे त्यातून सिद्ध होत नाही. पण उठता येणे ही शरीराच्या अवस्थेची खूण आहे, एवढे निश्चित. आषाढीच्या वाटेवर टाळ वाजवत पावली खेळणारे सत्तरीचे वारकरी पाहावेत. पुढे-मागे, डावी-उजवीकडे, तालावर, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकणारी ती पावली! ताइचीला जे साधायचे आहे ते आमचा शेतकरी विठ्ठलाचे नाव घेत करतो आहे, आणि त्याला आजवर कोणी मोजलेले नाही.

आता थोडे घरचे बोलावे. आपल्या प्रौढ शाखांत, ज्येष्ठ नागरिक संघांत शारीरिक कार्यक्रमाला किती वेळ मिळतो? चार हातवारे, थोडा प्राणायाम, मग मंडल, बातम्यांची चर्चा आणि चहा. १९९५ मध्ये मुंबईतून सुरू झालेल्या हास्यक्लबांनी एकटेपणा घालवला हे खरे, पण हसण्याने पायांना काम मिळत नाही. संघाने २०२५ मध्ये शताब्दी गाठताना जे पंच परिवर्तन समाजापुढे ठेवले, त्यात कुटुंब प्रबोधन आहे. घरातील वृद्धाला कसे हिंडते-फिरते ठेवावे, हा त्या प्रबोधनाचा विषय का होऊ नये?

करायचे ते अवघड नाही. भक्कम खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहावे, टाचा उचलाव्यात, मग टाचांवर राहून चवडे उचलावेत. खुर्चीतून हात न टेकता उठावे आणि सावकाश बसावे. प्रथम पाच वेळा, पुढे दहा. एका पावलापुढे दुसरे जोडून उभे राहावे, मग फरशीच्या रेषेवरून तसेच चालावे. आडवी पावले टाकावीत. शेवटी एका पायावर, प्रथम दोन्ही हातांच्या आधाराने, मग एका बोटाच्या, मग हात खुर्चीपासून इंचभर वर धरून. आठवड्यातून किमान तीन दिवस असा व्यायाम ज्येष्ठांनी करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना सांगतात. तो थांबवला की लाभ ओसरतो, म्हणून पंधरवड्याच्या शिबिराने काही साधणार नाही.

पथ्येही आहेत. डोळे मिटून काही करू नये. उभे राहताच अंधारी येत असेल, नुकतेच पडणे झाले असेल, हाडे ठिसूळ असल्याचे निदान असेल, तर आधी वैद्यांचा सल्ला घ्यावा. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्याही त्यांना दाखवाव्यात. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा असावा. पावसाळ्यात कोकणातल्या घरांनी परसातील चिऱ्यांवरचे शेवाळ वेळच्या वेळी घासून काढावे.

स्त्रियांचा विचार वेगळा करायला हवा, कारण रजोनिवृत्तीनंतर त्यांची हाडे झपाट्याने विरळ होतात आणि सकाळची वेळ त्यांना मोकळी नसते. दुपारी तीन ते पाच बहुतेक देवळांचे सभामंडप रिकामे असतात. राष्ट्र सेविका समितीच्या शाखा आणि गावोगावची भजनी मंडळे यांनी तेथे आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास हा व्यायाम घ्यावा, भजनापूर्वी. एक प्रशिक्षित सेविका, दहाजणी, एक भिंत आणि दहा खुर्च्या एवढे पुरे. प्रत्येकीची वही ठेवावी आणि त्यात दोनच नोंदी कराव्यात: आधाराविना एका पायावर किती सेकंद उभी राहिली, आणि गेल्या महिन्यात किती वेळा पडली. खुर्च्या लाकडी किंवा लोखंडी घ्याव्यात. कीर्तनासाठी आणलेल्या हलक्या प्लास्टिकच्या खुर्च्या भार पडताच सरकतात.